शंभराला दोन जास्त

घाटकोपर पश्चिमेला बसमधून उतरलं की वनमाला मेस्त्री खाली मान घालून चालते. वय सत्तावन्न, खांद्याला डब्याची पिशवी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बघणाऱ्याला वाटावं बाईचं काहीतरी हरवलंय. हरवलेलं काही नसतं, ती गटाराची झाकणं बघत असते. मुलुंडपासून चेंबूरपर्यंत रस्त्यांवर बिडाची जी गोल झाकणं दिसतात, त्यातली कितीतरी तिने केलेल्या लाकडी नमुन्यावरून ओतलेली आहेत. झाकणावर कंत्राटदाराचं नाव असतं, तिचं कुठेच नसतं, आणि त्याबद्दल तिची काही तक्रारही नाही. एखादं झाकण पायाखाली डुगडुगलं की मात्र ती थांबते, वाकून निरखते, आपलं नाही अशी खात्री झाली की पुढे चालू लागते.

हा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांना दोन शब्द आधी सांगायला हवेत, नाहीतर पुढचं सगळं ऐकून मुसळ केरातच जायचं. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तीच वस्तू लाकडात करतात. तिला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा आणि राहिलेल्या खड्ड्यात वितळलेला धातू ओतायचा. आता यात मेख अशी, की धातू थंड होताना आकसतो. म्हणजे पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. दर मापाला गणित कोण मांडत बसणार? म्हणून या लोकांनी पट्टीच मोठी केली. पॅटर्नवाल्याच्या पेटीत नेहमी दोन पट्ट्या असतात, एक साधी आणि एक श्रिंकेजची, म्हणजे आकसण्याचा हिशेब आधीच धरलेली. पोलादासाठीच्या श्रिंकेजच्या पट्टीवर जिथे शंभर मिलिमीटर लिहिलेलं असतं तिथे खरे एकशे दोन असतात. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. वनमालेने चाळीस वर्षं जवळजवळ सगळं जग त्या दुसऱ्या पट्टीने मोजलं होतं.

ही विद्या तिला वडिलांकडून मिळाली. मेस्त्री मूळचे कणकवलीकडचे, परळच्या एका मिलमध्ये सुतार खात्यात होते. संपात मिल गेली, तेव्हा ते घाटकोपरच्या एका गाळ्यात पॅटर्न करायला लागले. वनमाला त्यांचा डबा घेऊन यायची आणि परत जायचं विसरायची. पुढे मधुमेहाने वडिलांची नजर अधू झाली, तेव्हा ती त्यांना पट्टीवरच्या रेघा वाचून दाखवू लागली. मग रंधा हातात आला, मग पटाशी, आणि तेविसाव्या वर्षी तिचं नाव हजेरीपटावर लागलं. फाउंड्रीतली, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातली माणसं सुरुवातीला हसली. बाईमाणसाचा पॅटर्न म्हणून एकाने तो मुद्दाम उलटसुलट मोजला, आणि मोजून झाल्यावर मुकाट वाळूत दाबला. लग्नाची दोन स्थळं आली होती. दोघांनीही काम सोडायची अट घातली, म्हणून तिने स्थळं सोडली.

वडील फार बोलणारे नव्हते, कौतुक तर त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. "लाकडातली चूक लाकडात आसा तवसरच सांगूची. लोखंडात गेली की ती चूक रवणा नाय, ती बातमी होता."

आता सुबोध. सुबोध म्हणजे गाळ्याच्या जुन्या मालकांचा मुलगा, चौतीस वर्षांचा, आणि तो वाईट मुलगा नाही हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लहानपणी शाळा सुटली की तो वनमालेच्या बेंचखाली भुशाच्या ढिगावर झोपायचा. वडील गेल्यावर गाळा त्याच्याकडे आला. पण धंदा बदलला होता. आता पॅटर्न संगणकावर काढतात आणि प्रिंटर तो प्लास्टिकमध्ये थर थर चढवून देतो, रात्रीत. एका सोमवारी वनमाला कामाला आली तर तिच्या बेंचभोवती जमिनीवर खडूने दोन चौकोन आखलेले होते.

"हे काय रे?"

"मावशी, रागावू नकोस हां," सुबोध म्हणाला. "दोन प्रिंटर येतायत एक तारखेला. जागा हीच एक आहे."

"आणि माझं बेंच?"

"वर्षभरात लाकडाची कामं किती आली, तूच सांग. सहा. त्यातली चार दुरुस्तीची. तू आता घरी बस ना आरामात."

"घरात बसायची जागा एकच आहे. तिथे आई बसते."

सुबोधला हसू आलं आणि लगेच हसल्याचं वाईटही वाटलं. तो म्हणाला, "ठीक आहे. एक तारखेच्या आत वर्षभर पुरेल असं काही लाकडाचं काम आण. मी खडू पुसतो. आई शप्पथ." काम येणार नाही याची त्याला खात्री होती. वनमालेलाही साधारण तीच खात्री होती. तरी तिने त्या दिवशी बेंचवरच्या सगळ्या पटाश्या दगडावर धार लावून ठेवल्या, नव्या सुनेसारख्या चकचकीत.

बेंच गेलं तर काय जाईल हे तिला दुसऱ्याला सांगता आलं नसतं. पगार थोडका होता, तो कुठेही मिळाला असता. भाजी निवडायची, कुणाचं मूल सांभाळायचं, नाहूरमध्ये कामांना काय तोटा. पण सकाळी उठून आपण कोण, हे तिला त्या बेंचमुळे माहीत होतं. ते एकदा मोडून भंगारात गेलं की मग ती नाहूरच्या एका खोलीतली एक म्हातारी होत चाललेली बाई, एवढंच. या विचाराने तिची जेवणावरची वासना उडाली होती.

अशात शनिवारी बाजारात पार्वतीने तिला हाक मारली. पार्वती नाहूरला मासळी विकायला बसते, वनमालेची तीस वर्षांची ओळख. तिची मुलगी नेत्रा शिवणकामाचं शिकून स्कॉटलंडला गेली आणि तिथे इन्व्हरनेस नावाच्या गावात लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात लागली, हे बाजारातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बांगड्याबरोबर ऐकावं लागतं. त्या दिवशी मात्र पार्वतीने सरळ मोबाइलच पुढे केला. पडद्यावर नेत्रा होती.

"मावशी, तू लाकडात काय पण करतेस ना?"

"बोल काय पाहिजे."

"सुरीची मूठ. आणि म्यान."

मग नेत्राने समजावून सांगितलं. तिथले पुरुष लग्नात चौकड्यांचा चुण्यांचा घागरा घालतात, आणि त्याच्याखाली गुडघ्यापर्यंत मोजे. त्या मोज्यात एक छोटी सुरी खोचलेली असते. स्कीअन डू म्हणतात तिला, तिकडच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ काळी सुरी. मूठ तेवढी मोज्याबाहेर दिसली पाहिजे.

"नवरदेव पायात सुरी घालून फिरतो?" वनमालेने विचारलं.

"हो ना."

"आपल्यात नवरा कट्यारीला लिंबू खोचून फिरतो, तसंच म्हण."

"तसंच."

"मग त्यांचं लिंबू कुठे?"

"लिंबू नसतं गं मावशी."

"मग दृष्ट लागत असणार," वनमाला म्हणाली, आणि मुद्द्यावर आली. "तिथे सुतार नाहीत का?"

होता एक. डग्लस नावाचा, एकोणऐंशी वर्षांचा. दुकानासाठी मुठी आणि म्यानं तीस वर्षं तोच कोरत होता, पण आता त्याचे हात कापायला लागले होते. प्लास्टिकच्या मुठी बाजारात ढिगाने मिळत होत्या, पण दुकानाच्या गिऱ्हाइकाला हाताने कोरलेलंच हवं होतं. मालकीणबाई माणूस शोधत होत्या. नमुना एकच करायचा, तो डग्लसने पास केला तर आठवड्याला दोन असं वर्षभराचं काम. पातं तिथलाच लोहार करणार. सुरी काही पोस्टाने येणार नव्हती, त्यामुळे वनमालेला पातं बघायलाही मिळणार नव्हतं. डग्लसच्या ड्रॉइंगवरून नुसती मूठ आणि म्यान करून पाठवायचं.

"पण मावशी, तो म्हातारा जाम खडूस आहे," नेत्रा म्हणाली. "गेल्या महिन्यात एक पोरगा सँपल घेऊन आला. याने दोन मिनिटं बघितलं आणि एक शब्द न बोलता परत हातात दिलं."

नेत्राने मोबाइलवर पाठवलेलं ड्रॉइंग सुबोधने छापून दिलं. हाताने, पेन्सिलीने काढलेलं, आणि वर रंगीत खडूचे हात फिरवलेले. बाहेरचा भाग लाल, आतली पोकळी काळी, नंतर घासून गुळगुळीत करायच्या जागा पिवळ्या. इंग्रजी अक्षरं वाचायची वनमालेला गरजच पडली नाही. लाल, काळं, पिवळं, सगळं कळलं, गावाहून आलेलं पत्र कळावं तसं. त्यात तिला काही नवल वाटलं नाही. खरं तर वाटायला हवं होतं.

पण लाकूड कुठलं घ्यायचं? गाळ्यात होतं ते सागवान आणि पाइन, दोन्ही गोरीपान. सुरी काळी, तिला लाकूडही काळं आणि टणक हवं. दोन दिवस ती तोच विचार करत होती. तिसऱ्या दिवशी घरी माळ्यावरचा पंखा काढताना तिच्या डोक्याला मुसळ लागलं. खैराचं मुसळ, चार फुटी, टोकाला लोखंडी कडं. आजीने आईला लग्नात दिलेलं. कोकणातून परळला, परळहून नाहूरला आलेलं, आणि मिक्सर आल्यापासून माळ्यावर पडून असलेलं.

"अगो, तां खंय काढलंस?" आईने खालून विचारलं. आई शहाऐंशी वर्षांची आहे, पण घरात काय हललं ते तिला न बघता कळतं.

"कापू का थोडं? सुरीच्या नमुन्यापुरतं हवंय."

"माझ्या आवशीन दिल्यालां मुसळ तां. तेची सुरी करतलंस?"

"सुरीची मूठ. चाळीस वर्षांत हात तरी लावलास का त्याला?"

"हात लावूक नाय म्हणून काय कापूक व्हयां?"

मग वनमालेने तिला सगळं सांगितलं. खडूचे चौकोन, एक तारीख, सुबोधची शपथ. आईने ऐकून घेतलं, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "मगे काप. पण टोकाकडसून काप. उरल्यालां मुसळच रवाक व्हयां."

आणि कडं निघालं तेव्हा तिनेच दाखवलं, की कड्याखालचं लाकूड कसं शाईसारखं काळं झालंय. "खैराक लोखंड लागलां की तो काळो पडता. माका काय इचारूचां नाय तुका?" खैराच्या लाकडातूनच कात निघतो, आणि काताला लोखंड लागलं की काळा रंग धरतो, हे मुसळाने इतकी वर्षं माळ्यावर गुपचूप लिहून ठेवलं होतं. वनमालेने ते गंजकं कडं बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. रंगाची सोय झाली.

पुढचे आठ दिवस ती ज्या आनंदात होती, तसा आनंद तिला गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. म्यान दोन फाळ्यांचं. प्रत्येक फाळी आतून अर्धी कोरायची आणि दोन्ही अशा चिकटवायच्या की सांधा दिसता कामा नये. हे तर पॅटर्नवाल्यांचं रोजचंच. खैर मात्र हट्टी निघाला. पटाशी दर अर्ध्या तासाला दगडावर न्यावी लागे. मुठीवर विणकामासारखी नक्षी होती, पट्ट्या एकमेकींच्या खालून वरून गेलेल्या. अशी नक्षी तिने जन्मात कोरली नव्हती. झाकणावर आणि पंपावर कसली आलीय नक्षी? पण उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, म्हणत तिने घरातली तांदूळ धुवायची बांबूची रोवळी आणून बेंचवर ठेवली आणि पट्ट्या कुठे बुडतात, कुठे वर येतात ते बघत बघत नक्षी उतरवली. सुबोध येता-जाता थांबून बघायचा. चहा दोनाऐवजी तीन वेळा सांगायचा.

मापं तिने पहिल्याच दिवशी घेतली होती. समोर लाल-काळ्या-पिवळ्या रंगांचं ड्रॉइंग होतं, हात पेटीत गेला आणि पट्टी घेऊन वर आला. कुठली पट्टी आली ते तिने पाहिलं नाही. चाळीस वर्षांत कधी पाहावं लागलं नव्हतं.

पातं नव्हतं म्हणून तिने तीन मिलिमीटरच्या प्लायचं एक खोटं पातं कापलं. तेही अर्थात त्याच पट्टीने. ते म्यानात सरकवलं तर 'टप' असा बारीक आवाज झाला आणि बसलं. उलटं धरलं, हलवलं, पडलं नाही. वनमालेने मग लोखंडाचं पाणी फिरवलं, आणि लालसर खैर तिच्या डोळ्यांदेखत काळा होत गेला. वर जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. मंगळवारी कुरिअरवाला मूठ आणि म्यान घेऊन गेला.

बुधवारी सकाळी ते खोटं पातं बेंचवरच पडलेलं होतं. सुबोधने सहज उचललं. त्याच्या हातात नेहमी बारीक मापं आकड्यांत दाखवणारा डिजिटल व्हर्नियर असतो, आणि दिसेल ते मोजायची त्याला खोड आहे. त्याने मोजलं. मग भिंतीला चिकटवलेलं ड्रॉइंग पाहिलं. परत मोजलं.

"मावशी, हे नव्वद पाहिजे ना?"

"नव्वदच आहे."

"एक्क्याण्णव पॉइंट आठ येतंय."

 वनमालेने पेटी उघडली, पट्टी काढली, खिडकीपाशी नेली आणि उलटी केली. पट्टीच्या पाठीवर वडिलांनी फार पूर्वी खिळ्याने कोरलेला 'पो' होता. पो म्हणजे पोलाद. शंभराला दोन जास्त. मूठ मोठी, म्यान मोठं, खोटं पातंही तेवढंच मोठं, आणि म्हणूनच सगळं एकमेकांत इतकं छान बसलं होतं.

ती स्टुलावर बसली.  चाळीस वर्षांत तिच्या चुका झाल्या नव्हत्या असं नाही, सगळ्यांच्या होतात, पण मापात कधी नाही. मापात चुकणारा पॅटर्नवाला म्हणजे मिठाचा अंदाज गेलेला आचारी. तिला बेंचपेक्षाही आधी त्याची लाज वाटली.

"दोन मिलिमीटरनी काय होतंय?" सुबोध म्हणाला. "मोज्यातच तर जायचंय."

"लांबीने काही होणार नाही. रुंदीला अर्धा मिलिमीटर सैल पडेल. खरं पातं आत धरणार नाही. नवरदेव वाकला की सुरी खाली."

सुबोधने विचार केला. त्याला खरोखरच तिला वाचवायचं होतं. "मग असं करू. ते म्हणाले सैल आहे, तर आपण म्हणू, लाकूड हललं. इथली दमट हवा, तिथली थंडी. लाकूड आहे यार, होतं. कोण काय सिद्ध करणार?"

"खैरावर आळ घेऊ?"

"मग काय करतेस? आत्ता फोन करून सांगितलंस तर ऑर्डर गेली. मग एक तारीख आहेच." शेवटचं वाक्य त्याने खडूकडे न बघता म्हटलं.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वनमालेने चहा घेतला, थंड होईपर्यंत हातात धरून बसली. गप्प बसलं तर बेंच राहण्याची निदान आशा होती. बोललं तर ती नव्हती. पण तिच्या कानात वडिलांचं ते बातमीचं बोलणं घुमत होतं, आणि मुसळ बिचारं आईच्या आईपासून कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिने नेत्राला फोन लावला.

"वाट लागली ना मावशी," सगळं ऐकून नेत्रा म्हणाली. "पार्सल शुक्रवारी येणार. डग्लस स्वतः उघडणार."

"त्याआधी त्याला सांग. माप मोठं झालंय, चूक माझी आहे, दुसरं करते आहे."

"त्याला चूक सांगायची म्हणजे... बरं. सांगते. पण मग माझ्या हातात काही नाही हां."

"माझ्याही नाही," वनमाला म्हणाली.

आणि ती दुसरं करायला बसली. नक्षी आता हातात बसली होती, आठ दिवसांचं काम तीन दिवसांत होण्यासारखं होतं. कुणी मागितलं नव्हतं, ऑर्डर राहणार की जाणार हेही ठाऊक नव्हतं. सुबोधने एकदा विचारलं, "आता कशाला?" ती म्हणाली, "केलंय चुकीचं, तर बरोबर करायला नको?" आता साधी पट्टी. गंमत म्हणजे साध्या पट्टीने मोजलेलं सगळंच तिला लहान वाटत होतं. दर रेघेला हात अडखळायचा, ती परत मोजायची, आणि बरोबरच असायचं. आईला काही सांगितलं नव्हतं. मुसळाचा दुसरा तुकडा कापायला घेतला तेव्हा आईने नुसतं बघितलं आणि म्हणाली, "टोकाकडसूनच ना?"

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला फोन वाजला. तिथे दुपार होती. वनमालेने मोबाइल सरसाच्या डब्याला टेकवून उभा केला. सुबोध मागे येऊन उभा राहिला.

पडद्यावर एक हडकुळा म्हातारा होता, गळ्यात चामड्याचा एप्रन, चष्मा कपाळावर चढवलेला. शेजारी नेत्रा, चेहरा उतरलेला. म्हाताऱ्याने नमस्कार चमत्कार काही केला नाही. त्याने पातं म्यानात घातलं, म्यान उलटं केलं, आणि पातं सरकन टेबलावर पडलं. त्याने ते उचलून परत घातलं. परत पडलं. हे त्याने तिसऱ्यांदा केलं, तेव्हा वनमालेने मान खाली घातली.

मग त्याने कापऱ्या हातांनी म्यान मोजलं. लांबी मोजली, रुंदी मोजली, मूठ मोजली. कागदावर काहीतरी भागाकार केला. एक आकडा आला, त्याच्याखाली तोच आकडा पुन्हा आला, आणि तिसऱ्यांदाही तोच.  मग त्याने काहीतरी विचारलं.

"मावशी, तो विचारतोय, तू आयुष्यभर काय काम केलंस?"

"पॅटर्न. सांग त्याला, फाउंड्रीचे पॅटर्न."

नेत्राने सांगितलं. म्हातारा उठला आणि पडद्याबाहेर निघून गेला. रिकामी खुर्ची दिसत राहिली. नेत्रा खांदे उडवून म्हणाली, "मी बोलले होते तुला." सुबोधने वनमालेच्या खांद्यावर हात ठेवला. तिला मनापासून वाटलं, गेलं. सगळं गेलं.

म्हातारा परत आला तो एक लांबट, चपटी, जुनी लाकडी पेटी घेऊन. तिचं झाकण उघडायला त्याला वेळ लागला. आतून त्याने एक पट्टी काढली. पिवळट लाकडाची, दोन्ही टोकांना पितळ, मधले आकडे हात लागून लागून पुसट झालेले. त्याने ती कॅमेऱ्याजवळ धरली आणि उलटी केली. पाठीवर काहीतरी कोरलेलं होतं. अक्षर इंग्रजी होतं, पण कोरलेलं खिळ्यानेच होतं.

वनमालेला कळलं, ही पण श्रिंकेजचीच पट्टी. तिने आपली पट्टी घेतली, उलटी केली, आणि 'पो' दिसेल अशी मोबाइलसमोर धरली. म्हाताऱ्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. 

मग तो बोलायला लागला, आणि नेत्राची सांगता सांगता धांदल उडाली. पंधराव्या वर्षी तो क्लाइड नदीवरच्या एका जहाजांच्या कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये लागला होता. कारखाना बंद पडला तेव्हा त्याला मुलंबाळं होती, म्हणून सुऱ्यांच्या मुठी कोरायला लागला. दुकानात कुणाला हे माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

"तो म्हणतोय, चूक अर्धी त्याची आहे. लाल, काळे, पिवळे हे पॅटर्न शॉपचे रंग तो अजून सवयीने भरतो. पॅटर्नवाल्यासमोर तसलं ड्रॉइंग ठेवल्यावर तिने दुसरी कुठली पट्टी उचलायची, म्हणतोय." नेत्रा थांबली, म्हाताऱ्याचं पुढचं ऐकलं. "आणि म्हणतोय, इतकी सगळीकडे सारखी चूक करणं साध्या माणसाला जमत नाही. त्याला तीन ठिकाणी मोजून केसभरही फरक सापडला नाही."

वनमालेला रडू आलं. चाळीस वर्षांत तिच्या कामाबद्दल असं कुणी बोललं नव्हतं, वडीलसुद्धा नाही. आणि बोलला तो सात समुद्रांपलीकडचा एक म्हातारा, तोही तिच्या चुकीबद्दल. ती पदर तोंडाला लावून रडली आणि पडद्यावर म्हातारा खिडकीबाहेर बघत बसला, तिचं होईपर्यंत.

"दुसरं तयार आहे म्हणून सांग," शेवटी ती म्हणाली. "साध्या पट्टीचं. उद्या निघेल."

नेत्राने सांगितलं, ऐकलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "पाठव म्हणतोय. त्याचं पातं त्याच्यात बसलं की लगेच पुढची सुरू कर. आठवड्याला दोन, ठरल्याप्रमाणे, मालकीणबाईंशी तो बोलतो. आणि मावशी, हे सैल म्यान तुला परत मिळणार नाही. ते तो ठेवून घेतोय स्वतःला."

फोन बंद झाला.   सुबोधने बेंचजवळ जाऊन चपलेच्या तळव्याने खडूची एक रेघ घासली. ती नीट जाईना, तेव्हा फडकं ओलं करून आणलं आणि गुडघ्यावर बसून दोन्ही चौकोन पुसून काढले. लहानपणी याच ठिकाणी तो भुशात झोपायचा.

"मावशी, मग प्रिंटर कुठे ठेवू मी?" तो खालूनच म्हणाला. "एक तारखेला येतायत ना."

"उठ. दाराजवळची ती फळ्यांची रास हलव, तिथे मावतील."

"दोन्ही?"

"थांब, मोजून देते."

वनमालेने पेटीतून पट्टी उचलली. दोन पावलं गेली, थांबली, खिडकीपाशी परत आली, पट्टी उलटी करून पाठ बघितली. मग ती ठेवून दुसरी घेतली आणि दाराजवळची जागा मोजायला लागली.